सहा मिलिमीटर

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझे बाबा धडधाकट आहेत, माझा गुडघा जितका कुरकुरत होता तितकाच कुरकुरतोय. फोन असताना आईला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तुझ्या मनात येणारच. कारण एवढंच, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं 'जाऊ दे गं आई' तयार असतं. पत्राला मधेच थांबवता येत नाही. फार तर घडी घालून ठेवशील, पण घडी घातलेलं पत्र तुला चैन पडू देणार नाही. शेवटी माझीच मुलगी आहेस.

गेल्या मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तू सांगितलंस की तुमच्या साहेबांना कोल्डरूम गार करणाऱ्या कॉइलींचं सगळं डिझाइन तुझ्या हाती द्यायचंय, येत्या सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. सात वर्षांपूर्वी एकदा करून बघितलं, नाही जमलं, प्रत्येकाला सगळं जमलंच पाहिजे असं थोडंच आहे, मी आपली तक्रारी लिहून घेण्यात सुखी आहे, असं तू अगदी हसत हसत म्हणालीस. मी 'बरं' म्हटलं आणि फोन बाबांच्या हातात देऊन टाकला. तुला वाटलं असेल, आईला राग आला. राग नव्हता गं. तुझं पुढचं मला ऐकवेना. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगते. मला थेट मुद्द्यावर येता आलं असतं तर हे पत्र केव्हाच लिहून झालं असतं.

आधी बातम्या घे. निवृत्तीच्या वेळी कारखान्याच्या मालकांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं ना, ते आता स्वयंपाकघरात लावलंय. सव्वीस वर्षं घाईत धावले तेव्हा कुणी दिलं नाही, आणि आता कुठे जायचं नाही तेव्हा घड्याळ! त्याच्याकडे बघत बघत तुझे बाबा बटाटे उकडतात. हो, स्वयंपाक आता त्यांच्याकडे आहे. भाजी पातळ झाली की तिला सूप म्हणतात आणि सूप घट्ट झालं की त्याला भाजी. मी मुकाट्याने खाते, कारण आयतं मिळतंय. आठवड्यातून तीन सकाळी मी कारखान्यात जाते. मालकांनी चार नव्या मुली घेतल्यात, त्यांना कॉइलच्या पट्ट्या रचायला शिकवते. हुशार आहेत पोरी, पण हातमोजे घातल्याशिवाय पट्टीला हात लावत नाहीत. मी माझी बोटं दाखवली, सव्वीस वर्षांचे कापल्याचे व्रण, तेव्हा एक म्हणाली, मावशी, म्हणूनच आम्ही हातमोजे घालतो.

आणि आपले बुडबुडे अजून टाकीवरच आहेत. मुली नव्याने आल्या तेव्हा मी त्यांना बुडबुड्यांची ओळख करून दिली, की हे काका आयुष्यभर पाण्यात बघत बसलेत; तयार कॉइलमध्ये हवा दाबून भरायची, टाकीत बुडवायची आणि कुठून बुडबुडा येतो का ते बघायचं, एवढंच यांचं काम. त्यावर ते म्हणाले, तुमच्या मावशीच्या कॉइलमधून आजवर एक बुडबुडा निघाला नाही, तिच्या कॉइलीवर माझी झोप व्हायची. मुली हसल्या. मी पण हसले, पण ते बोलणं मला जरा टोचलं. ते का टोचलं तेही पुढे येईलच.

तुला ती खोकी आठवतात का, ज्यांतून तांब्याच्या नळ्या यायच्या? तू सात-आठ वर्षांची असशील. शाळा सुटली की थेट कारखान्यात यायचीस, रिकाम्या खोक्यावर पाय हलवत बसायचीस आणि मी रचत असलेल्या पट्ट्या मोजायचीस. मधे कुणी बोललं की चिडायचीस, कारण पुन्हा एकपासून सुरुवात. एकदा तू विचारलंस, की नळीच्या आत गार गॅस आणि बाहेर गरम हवा, तर मग या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची मधे काय लुडबुड? मला काही उत्तर येत नव्हतं. मी ठोकून दिलं, की नळी बिचारी एकटी, हवेतली उष्णता धरायला ती किती पुरी पडणार? म्हणून तिला हे हात लावलेत. जितके हात जास्त, तितकं काम जास्त. तू ते वहीत लिहून ठेवलंस, आणि खाली नळीचं चित्र काढून तिला शंभर हात काढलेस. ती वही अजून माळ्यावरच्या पेटीत आहे. माझं शास्त्र मात्र पुढे कधी त्या चित्रापलीकडे गेलं नाही, आणि तुझं कुठल्या कुठे गेलं.

मग तू शिकलीस. मोठ्या ठिकाणी नोकरी मिळत असताना आमच्याच कारखान्यात आलीस, आणि पहिल्याच वर्षी मालकांनी तुला मशरूमवाल्या बाईंच्या कोल्डरूमची कॉइल पूर्णपणे तुझ्या डोक्याने करायला सांगितली. बाईंनी तेव्हा नुकताच घरामागच्या दोन खोल्यांत धंदा सुरू केला होता. ड्रॉइंग घेऊन तू घरी आलीस, जेवणाच्या टेबलावर पसरलंस, आणि कागद गुंडाळू नये म्हणून बाबांनी चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. त्यातला एक भरलेला निघाला. त्याचं गोल वर्तुळ त्या कागदावर उमटलं आणि तू बाबांवर अशी ओरडलीस की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. मग तू आम्हाला एकेक गोष्ट समजावून सांगत बसलीस. डोळे नुसते चमकत होते तुझे. मी तुझ्याकडे बघत होते आणि मान डोलावत होते. बाबा मधे मधे प्रश्न विचारत होते, मी एकही विचारला नाही.

कारखान्यात तेव्हा काय चाललं होतं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. नळ्या वाकवणारा तो लांबोडका सगळ्यांना सांगत फिरत होता, की पट्ट्या रचणारणीची पोर आता आपल्याला कॉइल शिकवणार. मालकसुद्धा चहाच्या वेळी म्हणाले, की कागदावर सगळ्याच कॉइली गार करतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी त्या लांबोडक्याशी पंधरा दिवस बोलले नाही. मनात एकच होतं, की ही कॉइल अशी गार करायला हवी की या सगळ्यांची तोंडं गोठली पाहिजेत. म्हणून तुझी कॉइल मी कुणाला हात लावू दिली नाही. प्रेस मशीनवर पत्र्यातून पट्ट्या मीच पाडल्या, मीच रचल्या, नळ्या मीच ओवल्या. टाकीवर नेताना बुडबुड्यांनी कुंथून दाखवलं आणि म्हणाले, पोरीने डिझाइन केलंय की दगड भरलेत यात, नाकापेक्षा मोती जड झालाय हा. मी फाडकन म्हटलं, कॉइल जड नाही, तुमचं वय झालंय. तूही हसलीस. आठवतंय?

पहिले तीन दिवस तर काय थाट होता! खोली ठरल्यापेक्षा अर्ध्या वेळात गार झाली. मशरूमवाल्या बाईंनी फोन करून मालकांना सांगितलं, की मी आत स्वेटर घालून जाते. मी कारखान्यातून अशी हिंडत होते जणू गॅसचा शोध मीच लावलाय. लांबोडक्याला मुद्दाम चहा पाजला. आणि आठव्या दिवशी तो दुसरा फोन आला. तू, मी, मालक, तिघं गेलो. कॉइलच्या जागी पांढरी भिंत. पट्टी दिसेना की नळी दिसेना, सगळीकडे बर्फ. मागे पंखे जीव खाऊन फिरत होते आणि पुढे हात धरला तर वारा नाही. टोपल्यांतले मशरूम तपकिरी पडून चिकट झाले होते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एक मशरूम उचलून तुझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, आता मी काय करू? ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तू परतताना गाडीत म्हणालीस.

त्यानंतरचे तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. तू त्याच टेबलावर तेच आकडे पुन्हा पुन्हा करत होतीस. मी चहा आणून ठेवायचे, तो गार झाला की उचलून न्यायचे. मला खरंच वाटत होतं गं, की तुझं गणित चुकलं असणार. उलट मनातल्या मनात मी म्हणत होते, की बरं झालं आपण होतं तेवढं केलं, नाहीतर आठव्या दिवसाऐवजी चौथ्याच दिवशी बोंब झाली असती. चौथ्या दिवशी तू मालकांसमोर ताठ मानेने उभी राहिलीस आणि म्हणालीस, चूक माझी आहे, बर्फाचा अंदाज मला आला नाही. त्यांनी तुला काढलं नाही. बाजारातून दुसरी कॉइल आणून बाईंच्या खोलीत लावली आणि तुझी कारखान्याच्या माळ्यावर टाकली. पण महिन्याभरात तू बॅग भरलीस. आणि गेली सात वर्षं तू दुसऱ्यांच्या बिघडलेल्या यंत्रांच्या तक्रारी लिहून घेतेस आणि मला फोनवर सांगतेस, की मी मजेत आहे.

आता ऐक. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी नवं प्रेस मशीन घेतलं, त्याला जागा करायला माळा रिकामा केला. ताडपत्रीखालून तुझी कॉइल निघाली. तिला तुझ्या हाताची चिठ्ठी अजून तारेने बांधलेली होती. भंगारवाला दारात उभा होता. मी म्हटलं, ही थांबू दे. सगळे जेवायला गेल्यावर मी मोजायची पोलादी पट्टी घेतली आणि खाली बसून मोजलं. दहा सेंटिमीटरमध्ये सोळा-सतरा पट्ट्या हव्या होत्या. पंचवीस निघाल्या. निघणारच होत्या. मला मोजायची गरजच नव्हती, कारण त्या तिथे कुणी बसवल्या होत्या? मीच. ठकू, तुझ्या ड्रॉइंगवर दोन पट्ट्यांमध्ये सहा मिलिमीटर लिहिलं होतं, आणि मी मशीनला सहाचा डाय, म्हणजे अंतर ठरवणारा साचा, लावलाच नव्हता. चारचा लावला होता. दोनशे पट्ट्यांच्या जागी मी तीनशे बसवल्या होत्या.

का म्हणून विचारशील. मला ती कॉइल विरळ वाटली होती. दात पडलेल्या फणीसारखी दिसत होती माझ्या डोळ्यांना. मला वाटलं, मालकांनी पोरीला पत्रा वाचवायला सांगितलं असेल आणि भिडेखातर तिने हात आखडला असेल. तर आपण आपल्या हाताने भर घालू, कुणाला कळणारही नाही. जेवायला बसलीस की तू नको नको म्हणत असताना मी वाढतेच ना, तसंच केलं मी. जितके हात जास्त तितकं काम जास्त! आणि त्या दिवशी टेबलावर तू हेच तर सांगत होतीस, की मशरूम म्हणजे नुसतं पाणी, खोलीतली हवा दमट असणार, ती पट्ट्यांवर बर्फ धरणार, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बर्फाला जागा सोडायची आणि तरीही हवेला वाट उरली पाहिजे. बाबांना ते आजही शब्द न् शब्द आठवतं. मी मान डोलावत होते आणि माझी मुलगी किती छान बोलते एवढंच बघत होते. अति तिथे माती म्हणतात, ती मी अशी कालवली.

आणि सगळं सांगायचंच तर हेही सांगते. मला हे कळायला दोन महिन्यांपूर्वीचा तो माळा लागला नाही. तू गेल्यावर वर्षभराने बुडबुडे एका नव्या माणसाला सांगत होते, की जिथे बर्फ धरणार तिथे पट्ट्या लांब लांब ठेवतात, नाहीतर आठवड्यात कॉइल बुजते. मी शेजारी उभी होते. माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला. तेव्हाच मी त्यांना विचारायला हवं होतं, की चार मिलिमीटर असेल तर काय होईल. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. मी स्वतःला समजावलं, की ते मोठ्या फ्रीजरबद्दल बोलत असतील, मशरूमबद्दल नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फोनवर हसत होतीस, पगार चांगला होता, तर कशाला जुनं उकरायचं, असं म्हणत म्हणत सहा वर्षं काढली मी. लाज वाटते मला. लिहितानाही वाटतेय.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून कधीच गेली नाही. त्या तीन दिवसांत तू सगळे कागद तपासलेस, आकडे तपासलेस, पंख्याचा वेग, गॅसचा दाब, दार किती वेळा उघडतं ते सगळं. कॉइल तेव्हा कारखान्यातच आणून ठेवलेली होती, आपल्या घरापासून दहा मिनिटांवर. जाऊन तिच्यावर पट्टी ठेवली असतीस तर एका मिनिटात कळलं असतं. तू ठेवली नाहीस. कुणीच ठेवली नाही, कारण माझी कॉइल मोजायची पद्धतच नव्हती आमच्याकडे, बुडबुडे म्हणाले तेच खरं. आणि तू तर नाहीच मोजणार. ती आईने रचली होती ना!

त्या दुपारी मी मालकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग म्हणाले, मला आधी ड्रॉइंग शोधू दे. फायलीत सापडलं, पेल्याच्या वर्तुळासकट. मी म्हटलं, आता मला पट्ट्या पाडू द्या. सहाचा डाय लावून दोनशे पट्ट्या पाडल्या आणि तुझ्या कागदाबरहुकूम कॉइल नव्याने रचली. या वेळी मी नव्या मुलींना प्रत्येक वीतभर अंतरावर मोजायला लावलं, आणि बुडबुड्यांनी स्वतः पट्टी घेऊन पुन्हा मोजलं. टाकीतून काढताना म्हणाले, हलकी झाली बरं का. त्यांना मी तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले की त्या दिवशी वजन मला जाणवलं होतं, मी चेष्टा करत बसलो.

मग मी मशरूमवाल्या बाईंकडे गेले. आता त्यांच्या पाच खोल्या आहेत, आवाजही पाच खोल्यांत पोचेल असा झालाय. त्या मशरूमचे देठ कापत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, की तुमचा तो पहिला माल माझ्यामुळे गेला, मुलीची काही चूक नव्हती. त्यांनी सुरी थांबवली नाही. एवढंच विचारलं, की मुलीला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाल्या, मग बाई, तुम्ही आधी चुकीच्या पत्त्यावर आलात. मग त्यांनीच मला स्टूल दिलं. पाचव्या खोलीत जुनी कॉइल कुरकुरत होती, तिच्या जागी तुझी लावायला त्या तयार झाल्या, पण दोन अटींवर: आधी दहा दिवस खोली अर्धीच भरणार, आणि रोज सकाळी मी स्वतः येऊन बघायचं.

तर रोज सकाळी मी तिथे जाते. स्वेटर घालून, टॉर्च आणि पोलादी पट्टी घेऊन. तुझे बाबा पण येतात, बाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन बसतात आणि मी सांगेन तो आकडा वहीत लिहितात. आज एकतीस दिवस झाले. बर्फ धरतो, नाही असं नाही. दोन्ही बाजूंनी जेमतेम मिलिमीटरभर पातळ साय येते, मधे आरपार दिसतं, आणि ठरल्या वेळी हीटर लागला की सगळं वितळून खालच्या ट्रेमध्ये टपटपतं. पुढे हात धरला की वारा कसा भरभरून लागतो! पहिल्या दिवशी तो हातावर लागला तेव्हा मी तिथेच रडले, आणि बाईंना वाटलं की मला थंडी बाधली. अकराव्या दिवशी त्यांनी खोली छतापर्यंत भरली. मशरूम पांढरेशुभ्र आहेत. काल म्हणाल्या, की ही कॉइल आता मी परत देणार नाही, आणि जिने केली तिला एकदा घेऊन या, मला तिच्याशी नीट बोलायचंय. या महिन्यात मी फार सुखात आहे, ठकू. गुडघा दुखतो, बस उशिरा येते, बाबांचं सूप असतंच, तरी सुखात आहे. बाबांना म्हटलं, की मला आधी सुचलं असतं तर सात वर्षं सुखात गेली असती. ते म्हणाले, पत्र लिही.

खरं तर पंचेचाळीस दिवस पुरे करून, तू सुट्टीवर आलीस की तुला हाताला धरून त्या खोलीत न्यायचं आणि मग सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मंगळवारच्या फोनने ते ठरवणं मोडलं. तू सोमवारी साहेबांना नाही म्हणणार, आणि कारण देणार माझ्या हातची कॉइल, हे मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र. सोबत तुझं ड्रॉइंग पाठवतेय. पेल्याच्या वर्तुळाखाली बघ, 'अंतर तपासले' अशी चौकट आहे आणि तिच्यात सात वर्षांपूर्वीची माझी सही आहे. ती खोटी आहे. तिच्या खाली मी आता एकतीस दिवसांचे आकडे लिहून पुन्हा सही केलीय, ती खरी आहे. साहेबांना हो म्हण असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण तुझ्या कारणाने म्हण, माझ्या चुकीवर बोट ठेवून म्हणू नकोस. तुझं गणित तेव्हाही बरोबर होतं. माझ्यावर रागावायचं असेल तर भरपूर रागव, मी फोन बाबांकडे देणार नाही. आणि हो म्हणालीस, तर एवढं एक माझं ऐक: यापुढे तुझी कॉइल कुणीही रचलेली असो, अगदी तुझ्या आईने रचलेली असली तरी, हातात पट्टी घे आणि मोज.

तुझीच,
आणि आता मोजायला तयार असलेली,
आई